लव्हेंडरची काडी

बेडकीचा एक पाय भिंतीच्या अलीकडे होता, एक पलीकडे, आणि हातात कात्री. दोन वाजून गेले होते. आई चारला दवाखान्यातून घरी येणार होती. बेडकीची छाती धडधडत होती. पोहण्याच्या शर्यतीत शिट्टी वाजायच्या आधीही ती कधी अशी धडधडली नव्हती.

खरं नाव काही का असेना, सगळी गल्ली तिला बेडकीच म्हणायची. लहानपण पाण्यात गेलं, आणि आता पस्तिशीत ती तलावावर मुलांना पोहायला शिकवत होती. पाणी हे तिचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध. तिथंच घात झाला. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात जाताना आईनं अंगणातलं लव्हेंडर लेकीवर सोपवलं होतं. दीड महिना बेडकीनं त्याला जिवापाड जपलं. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक. पानं मरगळली तशी तिनं दुपारचीही एक वाढवली. काल सहज ओढून पाहिलं, तर अख्खं झुडूप हातात आलं. मुळं काळी आणि लिबलिबीत, उकडून विसरलेल्या भाजीसारखी.

सकाळपासून तिनं चार रोपवाटिका पालथ्या घातल्या होत्या. सगळीकडे फिकं जांभळं. आईचं गडद होतं, थेट शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखं. तसं दुसरं सबंध गावात एकच, भिंतीपलीकडे, चष्मेवाल्या काकूंच्या दारात. आणि काकूंकडे मागायला जायची सोय नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी काकूंनी आईला न विचारता त्या झुडपाची एक काडी तोडून नेली. लावली. ती जगली. आईनं भर गल्लीत त्यांना चोर म्हटलं. "एका काडीसाठी?" काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्याआधी एकीचा चहा दुसरीवाचून होत नसे. काडीवरून असा काडीमोड गल्लीनं कधी पाहिला नव्हता.

"ती कात्री आधी खाली टाक. पडलीस तर पोटात जाईल."

बेडकीची पाचावर धारण बसली. खाली काकू उभ्या होत्या. कमरेवर हात, नजर चष्म्याच्या वरून.

"काकू, चारच फांद्या. त्याच जागी मातीत खोचून ठेवते. आजच्या दिवसापुरत्या."

"खोचून? आणि तुझी आई फसेल?" काकू पुढे आल्या. "तिच्या झाडाला काय झालं?"

"गेलं."

"कशानं?"

"पाणी... जरा जास्त झालं. दोनदा घालत होते. मग तीनदा."

"आठवड्यातून?"

"दिवसातून."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं, लव्हेंडर आहे ते, म्हैस नव्हे! मातीत बोट खुपसून बघायचं. दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी. नाहीतर ऊन द्यायचं, वाळू मिसळलेली माती द्यायची आणि आपल्या कामाला लागायचं. माया करायची नाही त्याच्यावर एवढी!"

अकरा वर्षांत काकू तिच्याशी पहिल्यांदा बोलत होत्या. ओरडत होत्या खरं तर. पण बेडकीला इतकं बरं वाटलं, की भिंतीवर बसल्याबसल्या तिला हसूच फुटलं.

"हसतेस काय? उतर. इकडच्या बाजूला."

काकू तिला घरामागे घेऊन गेल्या. तिथं उन्हात कुंड्यांची रांग होती. पहिलं रोप वीतभर, शेवटचं कमरेएवढं, खोड लाकडासारखं टणक झालेलं. प्रत्येकावर तेच शाईचे तुरे आणि तुऱ्यांवर मधमाश्यांची झुंबड. बेडकीनं कुंड्या मोजल्या. अकरा.

"फुलं सरली की छाटणी करते," काकू म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता. "त्यातली एक काडी वाळूत लावते. मुळं धरली की कुंडीत. तुझ्या आईला परत द्यायची म्हणून. दर वर्षी तुमच्या फाटकापर्यंत येते. तिथून मागे फिरते."

बेडकीनं त्यांना गच्च मिठी मारली. चष्मा वाकडा झाला.

"काकू, आज फाटक मी उघडते. चला!"

मग एकच धावपळ. कुजकी माती उपसली, खड्ड्याच्या तळाशी खडे घातले, वाळू मिसळली. काकूंनी मधलं एक रोप निवडलं, आईच्या झुडपाएवढंच. ते कुंडीतून काढणार, एवढ्यात फाटकाशी टॅक्सीचा हॉर्न वाजला. पुरते तीनही वाजले नव्हते.

"मी निघते. तू दे तिला," काकू कुंडी पुढे करत म्हणाल्या.

"मी दिली तर पुन्हा चोरीचीच. तुम्ही दिलीत तर परत केली," बेडकी म्हणाली आणि वाट अडवून उभी राहिली.

आई वॉकर टेकत आत आली. तिनं रिकामा खड्डा पाहिला. लेकीचे चिखलानं माखलेले गुडघे पाहिले. मग काकू आणि त्यांच्या छातीशी धरलेली कुंडी. काकूंनी कुंडी पुढे केली.

"तुझं आहे," काकू कशाबशा म्हणाल्या.

आई एकेक पाऊल टाकत अगदी जवळ गेली. एक तुरा दोन बोटांत चुरडून तिनं डोळे मिटून हुंगला. मग डोळे उघडले.

"एकच आणलीस?" आई म्हणाली. "माझ्या खिडकीतून तर अकरा दिसतात."