तुझाच हात जातो

इंजिन तापल्याची घंटी वाजली. ह्यांनी इंजिन बंद केलं, एका हाताने सुकाणू धरलं आणि दुसरा हात न बघताच माझ्यापुढे पसरला. माझ्या बांगड्या ठेवायला.

नऊ वर्षांचा रिवाज आहे हा. समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारा पंप आमच्या शिडाच्या होडीत इंजिनाच्या पार मागे होता, भिंतीला चिकटून. त्यातली रबरी चक्री फाटली की मी बांगड्या उतरवायच्या, पालथं पडायचं, कोपरं सोलून घ्यायची. वर हे कप्तान शिडावर होडी हाकत मालवण येईपर्यंत शीळ घालणार. "काय करू, तुझाच हात जातो ना तिथे!"

गेल्या महिन्यात हे मित्रांबरोबर आठ दिवस केरळ बघून आले. तेवढ्यात मी इनास मेस्त्रीला गाठून पंप इंजिनाच्या पुढच्या बाजूला बसवून घेतला. खाली उतरायच्या पायऱ्यांमागची फळी काढली की समोरच. चक्री मात्र मुद्दाम जुनीच ठेवली. ह्यांना कळणार कसं? हे खाली कधी वाकलेत?

"अगं, दे ना बांगड्या."

मी त्या हातावर पाना ठेवला. "पंप पुढे आणलाय. आता तुमचाही हात जातो."

हे पान्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पाना घेऊन खाली उतरले. पहिलं "आई गं!" ऐकू आलं तेव्हा सुकाणू माझ्या हातात होतं.

शीळ मला धड येत नाही. तरी मालवण येईपर्यंत घातली.