गाडीची विभूती

महांतेशनं वडिलांची जुनी मोटार विकायला काढली होती. गिऱ्हाईक येणार म्हटलं की त्याची आई शरणम्मा दृष्ट नको म्हणून गाडीत बराच वेळ विभूती लावत बसायची. तरी ऐन वेळी बॅटरी चार्ज होते का ते दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा उलटा पडायचाच. डायनामो तपासला, पट्टा बदलला, बॅटरी नवी आणली. आज नांदेडचा माणूसही काटा डिस्चार्जकडं गेलेला बघून आल्या पावली परत गेला.

"लई झालं, अव्वा. उद्या भंगारात देतो."

शरणम्मानं गाडी बंद केली, डॅशबोर्डमागं हात घालून मीटरच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि पुन्हा चालू केली. काटा सरळ चार्जकडं गेला.



गाडी बंद करून किल्ली कमरेला खोचत ती म्हणाली, "नुसती विभूती लावायला एवढा वेळ लागतो का रे?"