चार ते पाचचा आवाज

लाकडात खाचा पाडायचा तिसरा राउटर सुरू झाला तेव्हाही गिऱ्हाईक डोळे मिटून उभं राहिलं.

दुकानदाराने बटण बंद केलं. "हा कसा वाटतो?"

"थोडा बारीक आहे."

"मशीन बारीक?"

"आवाज."

दुकानदार पंचवीस वर्षं सुतारांना हत्यारं विकत होता. लोक ताकद विचारत, वजन बघत, मूठ हातात बसते का ते पाहत. आवाज आजवर कुणी विचारला नव्हता.

"बँडमध्ये वाजवायचाय का, साहेब?" तो म्हणाला.

गिऱ्हाईक हसलं नाही. पन्नाशीचा गृहस्थ होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. दुकानदाराची नजर त्याच्या हातांवर गेली. मऊ, स्वच्छ हात. लाकूड कुठलं वापरता, असं विचारलं तर गृहस्थ म्हणाला, सगळंच.

चौथा राउटर जुन्या घडणीचा आणि जड होता. मागच्या कप्प्यात कित्येक दिवस धूळ खात पडलेला. तो सुरू झाला आणि गृहस्थाने डोळे उघडले.

"हाच द्या."

"अहो, रिकामा फिरतोय म्हणून असा गातोय. लाकडात गेला की आवाज खाली बसतो. थांबा, फळीवर चालवून दाखवतो."

"नको. एवढं पुरे आहे."

दुकानदाराने खांदे उडवले आणि खोकं बांधायला घेतलं.

गृहस्थ एका कचेरीत कारकून होता. लग्न केलं नव्हतं. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती आणि मागच्या अंगणात वडिलांची सुतारकामाची शेड. वडिलांचा आवडता राउटर मागच्या आठवड्यात जळाला. दुसऱ्या दिवशी त्याने शेडमधला दुसरा चालवून पाहिला, तर आईने खोलीतूनच विचारलं, आज लहान मशीन का घेतली त्यांनी? मोठी दुरुस्तीला दिलीय, असं तो सांगून मोकळा झाला. मग तीन दिवस शेड बंदच राहिली. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "त्यांना सांग, नवीन घ्या. आवाज नसला की घर खायला उठतं."

"त्यांना सांग." गेली एकोणीस वर्षं या घरातला नवराबायकोचा संसार या दोन शब्दांवर चालला होता. त्याच्या थोरल्या बहिणीला दम्याचा झटका आला तेव्हा आई बाजारात गेली होती आणि वडील शेडमध्ये राउटर चालवत होते. आई परतली तोवर सगळं संपलेलं. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "तुमची मशीन बंद असती तर तिची हाक ऐकू आली असती." त्यानंतर वडील तिच्याशी कधी बोललेच नाहीत. जेवण शेडमध्ये, झोपणं शेडमध्ये. मध्ये हा मुलगा, घरातल्या घरात टपाल पोचवणारा. कचेरीत सगळे त्याला अबोल समजत. घरी दोन माणसांचं बोलून झाल्यावर त्याच्याकडे स्वतःचं असं फारसं उरत नसे.

पाच महिन्यांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं. ती इस्पितळात असतानाच वडील शेडमध्ये, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, हिचं हृदय फार नाजूक आहे, एवढ्यात काही कळवू नका. मग ते 'एवढ्यात' लांबत गेलं. नवरा समोर येत नाही याचं तिला नवल नव्हतं. तो आहे याची खूण एकच होती, दुपारी चार ते पाच शेडमधून येणारा आवाज. मुलाने कचेरीतून लवकर निघण्याची परवानगी मागून घेतली. शेजाऱ्यांना हात जोडून विनवलं. दिवसा आईकडे बघणाऱ्या बाईंनाही सांगून ठेवलं.

त्या दिवशी बरोबर चारला त्याने नवा राउटर शेडमधल्या कामाच्या टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि बटण दाबलं. खुंटीला वडिलांचा एप्रन होता. त्याच्याकडे पाठ करून तो तासभर उभा राहिला.

पाच वाजता तो आईच्या खोलीत आला.

"आवडला का त्यांना?" आईने विचारलं.

"हो. बरा आहे म्हणाले."

"त्यांना एक सांगशील?" तिने नजर छताकडे वळवली. "सांग, मशीन बंद असती तरी ती हाक कुणाला ऐकू आली नसती. मला हे तेव्हाच ठाऊक होतं."

मुलगा शेडमध्ये गेला. आजवर त्याने वडिलांच्या नावावर नुसतं 'हं' किंवा 'बरं' एवढंच खपवलं होतं. आज काय उत्तर न्यायचं ते त्याला कळेना. एप्रनच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा होता. तुकडा मुठीत धरून तो तिथेच खुर्चीत बसला. जरा वेळाने तोंड धुऊन परत आला.

"काय म्हणाले?"

"काही नाही." तो म्हणाला. "डोळे पुसले त्यांनी."

आईने हात पुढे केला. तो पलंगाच्या कडेला बसला. तिने त्याचा तळवा उघडून अंगठ्याने चाचपला, मग शर्टाच्या बाहीवरून बोटं फिरवली. आयुष्यभर ती नवऱ्याच्या कपड्यांतला भुसा झटकत आली होती. इथे एक कणही नव्हता.

"उद्यापासून मशीनखाली एखादी फळी धरत जा, बाळा," ती म्हणाली. "चार महिने रिकामीच फिरवतोयस."