शिडीची पहिली पायरी

“मी तर उडी मारणार. नियम गेला खड्ड्यात,” पैलवान म्हणाला आणि हाताची घडी घालून बसला.

वर्गात हशा पिकला. शेजारी बसलेला त्याचा धाकटा भाऊ मात्र ओशाळून खाली बघू लागला. उद्या सकाळी गाळाची मोठी टाकी साफ करायला हीच जोडी जाणार होती. धाकटा आत उतरणार, पैलवान तोंडाशी पहाऱ्याला; आत काहीही झालं तरी पहाऱ्यावरच्याने उतरायचं नाही, हा नियम.

मागच्या बाकावर कारखान्याच्या दवाखान्यातली सिस्टर बसली होती. हा वर्ग ती आणि सुरक्षा अधिकारी मिळून घ्यायचे. वास नसलेला वायू माणसाला कसा गुंगवतो, श्वास थांबला तर काय करायचं, हे ती सांगे. पुढचं सगळं अधिकाऱ्यांचं. कामगार त्यांना मास्तर म्हणत. आपलं बोलून झालं की ती दवाखान्यात परत जाऊ शकत होती, पण ती कधी गेली नाही.

मास्तरांनी खोकल्याची उबळ जिरू दिली. ही उबळ त्यांना जुनीच होती.

“पैलवान, भाऊ आत कोसळला. त्याच्यामागे तूही उतरलास. आत हवा तीच. मग?”

“मग काय? टाकीन खांद्यावर आणि आणीन वर.”

“चार श्वासांत तूही आडवा होशील. मग आम्ही दोघांना बाहेर काढायचं.”

“रक्ताचं माणूस आहे ते, मास्तर. तुम्हाला बोलायला काय जातंय?”

कुणी हसलं नाही. सिस्टरला ठाऊक होतं, दर वर्गात हे कुणी ना कुणी बोलतंच. आता ती गोष्ट येणार. तिने बाकाची कड घट्ट धरली.

मास्तर टेबलाला टेकले. “दोघे भाऊ होते. फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कारखान्यात, अशाच टाकीवर. धाकटा मुलखाचा उतावळा. हवा तपासायची वाट न बघता उतरला. गाळ ढवळला आणि बोलता बोलता त्याचा आवाज बंद झाला. थोरल्याने वाकून पाहिलं तर भाऊ खाली पडलेला. त्याने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला...”

सिस्टरने डोळे मिटले.

“...आणि मागे घेतला. धावत जाऊन भोंगा वाजवला. आणि बाहेरच उभा राहिला. पाठीवर सिलिंडर आणि तोंडाला मास्क लावलेली माणसं आली, त्यांनी धाकट्याला वर घेतलं. वाचला तो.”

“सांगायला काय, वाचला,” पैलवान पुटपुटला. “कुणी बघितलंय?”

“तूच बघतोयस की. तुझ्यासमोर उभा आहे.”

पैलवानाच्या हाताची घडी सुटली. त्याने मास्तरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग जरा नरमून म्हणाला, “आणि थोरला? भाऊ आत पडलेला असताना आपण बाहेर उभे राहिलो, हे जन्मभर खात असेल ना त्याला?”

एरवी मास्तर इथे ‘बरा आहे’ एवढंच म्हणत आणि वर्ग सोडून देत. आज ते पाण्याचा पेला शोधू लागले.

“थोरल्यांच्या बायकोला विचार ना,” सिस्टर मागून म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या.

“मी त्यांची बायको.”

मास्तरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने या गोष्टीत कधी तोंड घातलं नव्हतं.

“त्या दिवशी घरी यायला उशीर झाला त्यांना. मी आधी चांगली खरडपट्टी काढली, मग जेवण गरम करून वाढलं. घास उतरेना. म्हणाले, मी भित्रा आहे का गं? मी म्हटलं, उडी काय, कुणीही मारतं. उभं राहायला छाती लागते.” ती थांबली. मग हसून म्हणाली, “आता डोक्यावरचे केस पिकलेत. रात्री घोरतात इतकं, की शेजारी भिंत ठोकतात.”

सगळे खो खो हसले. पैलवान तेवढा हसला नाही. त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

“सिस्टर, उद्या मी भोंग्यापाशीच उभा राहीन. काही झालं तरी पाय आत टाकणार नाही. शब्द देतो.”

“आणि तू रे?” तिने धाकट्याला विचारलं.

“हवा तपासल्याशिवाय उतरणार नाही,” तो म्हणाला. “हा माझ्यासाठी एवढा उभा राहणार, तर मला थोडी वाट बघायला काय झालं?”

वर्ग रिकामा झाला. सिस्टरने फळा पुसला. मास्तर एकेक खिडकी लावत होते. शेवटच्या खिडकीपाशी ते तसेच उभे राहिले.

“वहिनी, आज तुम्ही...”

“चुकलं का माझं?”

“नाही. पैलवान आता जागचा हलायचा नाही. पण तो इतका विश्वासाने बघत होता, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकदा खरं सांगून टाकू या का?”

तिने डस्टर जागेवर ठेवलं आणि हातावरचा खडू झटकला. “नको, भाऊजी. हे खाली उतरले आणि दोरी तुमच्या कमरेला बांधली म्हणून तुम्ही वाचलात, हे कळलं तर सगळेच उड्या मारतील. आणि त्या गोष्टीतच काय ते हे बाहेर उभे राहतात. घरी जेवायला येतात.”