काच नको

"काच नको," वेलिबोर पुन्हा म्हणाला.

झिकाने काउंटरवरची कॅबिनेटं परत ओळीत लावली. लेस्कोवात्स शहरात इतकी वर्षं संगणकाचं दुकान चालवून त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती: बापाला स्वस्त हवं असतं आणि पोरांना काच हवी असते. आज सगळं उलटं चाललं होतं. मुलगी, नेवेना, शाळेचं दप्तर पाठीला लावून गप्प उभी होती आणि बाप महागाचा हट्ट धरून बसला होता.

"उस्ताद, ऐका माझं. मधल्या उंचीची, स्वस्तातली आता सगळी काचेच्या बाजूचीच येतात. तीन पंखे, रंगीत दिवे, साडेचार हजार दिनार. बंद बाजूचं हे एकच आहे, आतून फोम लावलेलं. त्याचे सात हजार. लोक दाखवायला पैसे मोजतात, तुम्ही झाकायला मोजताय."

"काच फुटते."

"घरात बैल बांधता का?"

नेवेनाला हसू आलं. वेलिबोरला आलं नाही.

काचेतून जे दिसायला हवं होतं, तेच नव्हतं. ग्राफिक्स कार्ड घेतलंय, कपाटावर ठेवलंय, बाकीचं जमलं की मीच आत बसवीन, तोवर खोक्याला हात लावायचा नाही, असं त्याने पोरीला बजावलं होतं. कपाटावर खोकं होतं खरं. कामावरच्या एका सोबत्याकडून मागून आणलेलं, रिकामं. कार्डाचे चाळीस हजार मावसभावाच्या मुलीच्या लग्नात गेले होते. गेले म्हणजे हरवले नाहीत, चारशे पाहुण्यांनी जाताना पाहिले. बँड टेबलापाशी आला, नवऱ्यामुलाच्या मामाने रीतीप्रमाणे ट्रम्पेटवाल्याच्या घामट कपाळावर हजाराची नोट चिकटवली, म्हणून वेलिबोरने दोन चिकटवल्या. मग मामाने तीन. भरल्या मांडवात खिशातून हात रिकामा काढायची लाज असते. ती लाज वेलिबोरने त्या दिवशी टाळली, आणि आता ती व्याजासकट दारात उभी होती. आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा उन्हाळ्यात. पोरीला इमारती काढायला शिकायचं होतं, त्यासाठी ते कार्ड.

त्याचा हिशेब सरळ होता. दोन पगार झाले की कार्ड आणायचं आणि ती शाळेत असताना गुपचूप बसवून टाकायचं. तोवर ते आत बसवलंय असंच भासवायचं, म्हणून बाजू बंद हवी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे ती अडीच हजारांत पडत होती.

"बंद तर बंद," झिकाने हात टेकले आणि मोजायची टेप काढली. "कार्डाची लांबी सांगा. या डब्यात पुढच्या बाजूला जागा कमी आहे, लांब कार्डं अडतात."

वेलिबोरने दोन्ही हात हवेत धरले. "एवढं असेल."

"हा मासा झाला, उस्ताद. कार्ड सांगा. खोक्यावर छापलेलं असतं. घरी फोन लावा ना."

"घरी कोणी नाही."

घरी बायको मिरच्या भाजत बसली होती आणि नेवेना तिला सांगूनच निघाली होती. वेलिबोरचे कान तापले. "उद्या सांगतो," तो म्हणाला.

"उद्या कशाला?" नेवेना म्हणाली. ती बापाकडे नाही, झिकाकडे बघत होती. "कार्ड नाहीये, काका. खोकं रिकामं आहे. धूळ पुसताना उचललं होतं मी."

"कधी?" वेलिबोरने विचारलं. इतकं सगळं सोडून हेच विचारावंसं का वाटलं, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"तू ठेवलंस त्याच आठवड्यात."

म्हणजे महिना झाला. महिनाभर तो रोज जेवताना त्या कार्डाची वाखाणणी करत होता, ते इमारती कशा भिंगरीसारख्या फिरवेल ते सांगत होता, आणि ती "हो बाबा" म्हणत पावाची टोपली पुढे सरकवत होती.

दुकानदाराला वेळेवर बहिरं होता आलं पाहिजे. झिका टेपचं टोक ओढत आणि सोडत राहिला. मग अगदी धंद्याच्या आवाजात म्हणाला, "मग कार्ड केव्हा घ्यायचंय?"

"पुढचं लग्न निघायच्या आत," नेवेना म्हणाली.

चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. बापाला ओरडता तरी आलं असतं.

तिने काचेचं कॅबिनेट पुढे ओढलं. "हे द्या. अडीच हजार वाचतात, ते कार्डात धरू."

"अगं पण," वेलिबोर हळूच म्हणाला, "तुझी आजी येते, तुझा मामा येतो. सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे ना, बाबा. नाही ते नाही."

निर्णय झाल्याचा सगळ्यात जास्त आनंद झिकाला झाला. "थांबा, तपासून देतो," म्हणत त्याने पंख्यांची वायर जोडली आणि बटण दाबलं. तिन्ही पंखे फिरू लागले. लाल, निळा, हिरवा उजेड आत पसरला, आणि मधली मोकळी जागा कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत लख्ख दिसू लागली.

"बघा उस्ताद," त्याचं मन राखायला झिका म्हणाला, "आत काही नाही, तरी कसं उठून दिसतं."

वेलिबोरने नजर वळवली. भिंतीवर, फळ्यांवर, दारापर्यंत काचेचीच कॅबिनेटं मांडलेली होती, एकजात रिकामी.