हातमोज्यातली कळ

फिजिओथेरपिस्ट नीलांबरीने हातमोजा चढवला आणि शिंत्रेकाकांचा आखडलेला खांदा हळूहळू वर नेला. या हातमोज्यामुळे पेशंटची कळ थेट तिच्या खांद्यात उमटायची. तीन महिने ती काकांबरोबर कळवळली होती. आज मात्र काहीच जाणवलं नाही.

“काका, खांदा पूर्ण मोकळा झाला. आता यायची गरज नाही.”

“नाही गं, अजून दुखतोय.”

“मला तर काहीच लागलं नाही.”

काका ओशाळले. “खरंय. पण तुझी काकू गेल्यापासून माझं दुखणं कळणारी तू एकटीच होतीस.”

नीलांबरीने हातमोजा काढून ठेवला आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“मग आता तोंडानं सांगा,” ती म्हणाली, “कळतंय का बघते.”