दुसरी सही

मृत्युपत्र बाबांनी आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. राहतं घर मला, बाकीचं सगळं दादाला. त्यांच्या आजारपणात उठबस मीच करत होते. दादा फोनवरून चौकशी करण्यात पटाईत. घर माझं म्हटल्यावर मला भरूनच आलं.

शेजारच्या काकांनी साक्षीदार म्हणून सही केली. दुसरा साक्षीदार हवा, म्हणून दादा खालच्या दुकानदाराला बोलवायला निघाला, तर बाबांनी त्याला थांबवलं.

"परका माणूस कशाला? चिमणे, तूच कर सही. तुझ्याइतकं जवळचं मला कोण आहे?"

मी वेडी, हरखून सही केली. त्यानंतर तर त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं.

बाबा गेले. कोर्टाकडून मृत्युपत्र मंजूर करून घ्यायचं, म्हणून मी वकीलबाईंकडे गेले. शेवटचं पान पाहून त्यांनी चष्मा काढला.

"अहो, आपल्या ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रात साक्षीदारालाच काही दिलेलं असेल, तर ते रद्द होतं. तुमचं घर आता 'बाकीचं सगळं' यात जाणार. म्हणजे तुमच्या दादाला."

माझा चेहरा बघून त्या हळूच म्हणाल्या, "वडिलांवर राग धरू नका. कायद्यातली ही मेख साध्या माणसाला कुठून ठाऊक असणार?"

मी मृत्युपत्राची घडी घालून ते पिशवीत ठेवलं.



बाबांची उभी हयात कोर्टात, लोकांची मृत्युपत्रं तपासण्यात गेली होती.